चिलयाची पात

मूग पिकला की कुणासाठी थांबत नाही. आज काळी झालेली शेंग उद्या उन्हात तडकते, आणि झड लागली तर झाडावरच तिला मोड फुटतात. त्या श्रावणात सहा दिवस झड लागली. सातव्या दिवशी उघडीप पडली तशी सत्यभामा सकाळीच पोरं गोळा करून रानात उतरली.

मजुरीला बायका मिळत नव्हत्या, सगळ्यांचाच मूग एकदम आला होता. सत्यभामेला पोरं मिळायची. ती त्यांना गोष्टी सांगायची. एकेका पोराला एकेक ओळ, ती त्याची पात. ध्रुवाची गोष्ट दोन पातींची, प्रल्हादाची चार. ती शेंगा तोडत पुढं सरकायची आणि हळूच बोलायची, आवाज चढवायची नाही. जो मागं राहील त्याला ऐकू यायचं नाही. म्हणून पोरं हात उचलून तोडायची, वाकलेली पाठ सरळ करायची नाहीत.

बाई सातवी शिकलेली. देवळात पोथी वाचणारे म्हातारे एकेक करत आंधळे झाले, तेव्हा पोथी हिच्या हातात आली. अर्थ कुणी सांगितला नाही. तिनं तिचा तिचा लावला आणि पोरांना दिला. गावातल्या बाप्यांना वाटायचं, बरं हाय, पोरांवर संस्कार होतेत.

बांधाकडची पात सगळ्यात लांब. ती चिलयाची. दरवर्षी ती शेवटी असायची, तिची ओढ लावूनच बाकीचं रान निघायचं.

"काकू, चिलया केवढा हुता?" अर्पितानं विचारलं. ही रणधीरची पोरगी. रणधीर म्हणजे सत्यभामेच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, बांधापलीकडचं रान त्याचं. पोरगी यंदा पहिल्यांदाच आली होती.

"तुझ्याएवढा."

"म्हंजी तिसरीला?"

"व्हय, तिसरीला. जोगी दारात आला तवा शाळंत हुता. आई जाऊन घिऊन आली. दप्तरासकट."

"जोगी काय म्हणला?"

सत्यभामेची पोरगी सृष्टी पाचवीला होती. तिला गोष्ट पाठ. ती मध्येच बोलली, "जोगी म्हणला, मला तुमच्या पोराचं मटण पायजे."

"श्रावणात?" एका पोरानं विचारलं.

"श्रावण हुता का न्हाय ते पोथीत न्हाय," सत्यभामा म्हणाली. "जोगी म्हंजी म्हादेव हुता. सत्त्व बघाया आल्ता. दारातनं पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा न्हाय, हे श्रियाळ राजाचं आन चांगुणा राणीचं वरत. राजा रडाया लागला. राणी रडाया लागली. चिलया न्हाय रडला. चिलया म्हणला..."

ती थांबली. इथं दरवर्षी सृष्टी बोलायची.

"आई, भिऊ नको," सृष्टी शेंगा तोडता तोडता म्हणाली. "म्या डोळे मिटतो. तुजा हात थरथरला तर मलाच जास्ती लागंल."

पोरं गप झाली. नुसत्या शेंगा तुटल्याचा आवाज येत होता. चिलयाची मान कापली, चांगुणेनं मटण रांधलं, जोगी पाटावर बसला. जोगी म्हणाला, शिर कुठं लपवलंस? ते उखळात घाल. माझ्यापुढं कांड. कांडताना रडू नको, गाणं म्हण.

"मग?" अर्पितानं विचारलं.

"मग चांगुणा उठली..."

तेवढ्यात बांधावरनं रणधीर आला.

त्याच्या हातात मोजायचा टेप होता, बाकी काही नव्हतं. सोमवारी सरकारी मोजणी यायची होती. चार माणसांनी आधीच सांगून ठेवलेलं, एकदा बघून ये. तो हद्दीच्या दगडापाशी उभा राहिला. दगड नवीन ओल्या मातीत बसलेला होता. जुनी जागा चार फूट सत्यभामेच्या रानाकडं, तिथं वाळलेलं गवत पसरलेलं. त्यानं पायानं गवत बाजूला केलं. खड्डा.

जरा अंतरावर चर काढून पाणी सोडत सत्यभामेचा नवरा उत्तरेश्वर होता. हातात फावडं. दीर इंद्रजित त्याच्याजवळ तंबाखू मळत उभा.

"उत्तऱ्या," रणधीर म्हणाला. "दगडाला पाय फुटले काय रं?"

"सहा दिस पाऊस हुता. घसरला असंल."

"चढाला घसरला?"

इंद्रजित हसला. "तुझ्या बापानंच रवला हुता. त्यालाच इचार जाऊन वर."

रणधीरनं टेपचा हुक दगडाला लावला आणि खड्ड्यापर्यंत फीत ओढली. "चार फूट. मागायचं हुतं की. म्या दिलं असतं. तुझं मढं पुरायला तेवढं पुरं हुतं."

उत्तरेश्वर चार पावलं चालत आला, अगदी चर बघायला आल्यासारखा, आणि त्यानं फावडं आडवं फिरवलं.

पातं कानाच्या वर बसलं. नारळ दगडावर आपटावा तसा आवाज झाला. रणधीर गुडघ्यावर आला. हात वर केला, त्या हातावर दुसरा घाव. इंद्रजितनं तंबाखू टाकली आणि त्याच्या बरगडीत लाथा घातल्या, एक, दोन, मोजून घातल्यासारख्या. डोक्याची कातडी उघडून कानावर लोंबली होती. रक्त मानेवरनं शर्टात, शर्टातनं मुगात. टेपची फीत सर्रकन आपोआप आत गेली.

अर्पिता पातीत उभी होती. तिच्या ओच्यात शेंगा होत्या. ती ओरडली नाही. सृष्टीनं तिचा हात धरला, तर तो हात शेंगा धरून तसाच घट्ट.

सत्यभामा पळत गेली आणि नवऱ्याच्या फावड्याला लोंबकळली. "मेला त्यो. बघा, मेला."

"न्हाय मरत," इंद्रजित म्हणाला. "हलतोय की."

पलीकडच्या रानातली माणसं धावत आली. रणधीरला जीपमध्ये घालून मुरूमच्या दवाखान्यात नेलं. अर्पिता जीपच्या मागं पळत गेली आणि सडकेला जाऊन उभी राहिली, ओच्यातल्या शेंगा तशाच.

घरी सासरा रामहरी बाजेवर बसला होता. सगळं ऐकून घेतलं. पोरांना एक शिवी दिली नाही. त्यानं फक्त विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला काय लागलंय?"

दोघांनी हात-पाय बघितले. उत्तरेश्वरच्या तळव्याला फावड्याच्या दांड्याचा फोड आलेला.

"फोड," रामहरी म्हणाला. "फोड दाखवा पोलिसाला."

इंद्रजित म्हणाला, "क्रॉस केस करायची. त्यानं आधी मारलं म्हणायचं. पण जखम लागती. जखमंबिगर उलटी केस हुत न्हाय. मागं त्या सिद्धेश्वरच्या भांडणात न्हाय का, त्यानं सोताच्या दंडावर ब्लेड मारून घेतलं आन सुटला."

"मोठ्या माणसाचं डॉक्टर वळखतोय," रामहरी म्हणाला. "कितीदा बघितलंय त्यानं."

"बारक्या लेकराचं न्हाय वळखत."

इंद्रजितनं बोलायचं ते बोलून टाकलं होतं आणि तो आता भिंतीकडं बघत होता. "पोरीवर हात टाकला म्हणलं की पोलीस बी गरम हुतेत. दोन टाके. लई तर तीन. म्हैन्यात भरून येतंय."

सत्यभामा चुलीपुढं होती. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग उत्तरेश्वर उठून वळचणीचा विळा काढायला गेला, तेव्हा कळलं.

"आवं," ती म्हणाली. "काय करताव?"

"तू गप. पाच वरसं आत गेलो तर तू पोसशील का रान?"

"आता कोण पोसतंय?"

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. हलकीच मारली, सवयीची. ती परत उभी राहिली. "माझ्या दंडावर मारा. म्या म्हणते रणधीरनं मारलं."

"नवरा-बायकोचं भांडण म्हणून लिव्हून घेतेत," इंद्रजित म्हणाला. "तुमच्या तोंडावर जुने वळ हायतेत, वैनी."

सृष्टी दारात होती. तिच्या पायावर रणधीर काकाच्या रक्ताचे शिंतोडे वाळले होते, ते ती नखानं काढत बसली होती. ती उठली. अंगणात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ आहे, मिरची कांडायचं. ती तिथं जाऊन मांडी घालून बसली. डावी बाही वर सारली आणि हात उखळाच्या काठावर ठेवला, पालथा न ठेवता उताणा.

"म्या रडणार न्हाय," ती म्हणाली.

कुणी तिला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

रामहरी बाजेवरनं वाकून बघत होता. "शाब्बास," तो म्हणाला. "माझी चिलयाच हाय ती. बघा रे, पोर बघा. न्हाय तर तुमी."

सत्यभामा उंबऱ्यावर बसली. पाच श्रावण. पाच श्रावण तिनं स्वतःच्या तोंडानं ही पोरगी इथं आणून बसवली होती. राजा रडला, राणी रडली, चिलया रडला नाही. दरवर्षी पोरं गप व्हायची आणि हिला बरं वाटायचं की गोष्ट लागली. लागलीच होती.

उत्तरेश्वर पोरीपुढं उकिडवा बसला. विळा नवा, धार लावलेला. त्यानं तिच्या दंडावर अंगठ्यानं जागा बघितली, सरकवली, परत बघितली. त्याच्या कपाळावर घाम होता.

"पप्पा," सृष्टी डोळे मिटून म्हणाली, "हात थरथरू दिऊ नका. मलाच जास्ती लागंल."

त्यानं मान वर केली. "ए सत्ये. गोष्ट सांग तिला. तिचं ध्यान दुसरीकडं लाव."

"कुठली?"

"कुठली बी. तुझं ते हाय की. देवाचं."

सत्यभामा उठली. अंगण चार पावलांचं. "जोगी पाटावर बसला हुता," ती म्हणाली. आवाज पातीतलाच, हळू. "राजा बसला हुता. सगळी बसली हुती. चांगुणा उठली. तिनं पदर खोचला."

"आई, आधी मान कापायची असती," सृष्टी डोळे न उघडता म्हणाली. "तू इसरलीस."

"चांगुणेनं कोपऱ्यातलं मुसळ घेतलं."

"मुसळ मागनं हाय."

"यंदा आधी हाय," सत्यभामा म्हणाली आणि मुसळ दोन्ही हातांनी खाली आणलं.

मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं. ते उत्तरेश्वरच्या मनगटाच्या वर, विळ्याच्या हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज ओल्या तुराटीसारखा झाला. हात कोपर आणि मनगटाच्या मधून वाकला, जिथं वाकायला काही नसतं. विळा उखळात पडून खणखणला. तो ओरडला नाही. त्याला आधी कळलंच नाही, त्यानं तोच हात टेकून उठायला बघितलं आणि मग ओरडला.

सृष्टीनं डोळे उघडले. हात अजून काठावर होता. ती आपल्या दंडावर जखम शोधत होती.

इंद्रजितनं सत्यभामेला केसाला धरून खाली पाडलं. मुसळ हिसकलं, पण त्यानं मुसळ वापरलं नाही, बैलाचा कासरा घेतला. कासरा भिजलेला होता. पाठीवर, मानेवर, तोंड फिरवलं तर तोंडावर. मग लाथा. ती उखळाला हातांनी कवळा घालून पडून राहिली, पोट दगडाला लावून, पोटावर लाथ बसू नये म्हणून. एक दात तुटून ओठातनं बाहेर आला. रक्त मातीत गेलं नाही, थेंबाथेंबानं उखळात साचलं. सृष्टी इंद्रजितच्या पायाला डसली. त्यानं तिला झटकलं, तर ती परत डसली.

"थांब इंद्या," रामहरी म्हणाला.

इंद्रजित थांबला. धाप लागली होती.

म्हातारा बाजेवरनं उठून पोराच्या हाताकडं बघत होता. नीट, वाकून, बाजारात जनावराचा पाय बघावा तसा. "मोडलाय," तो म्हणाला. "साफ मोडलाय."

"मारून टाकतो हिला..." उत्तरेश्वर म्हणाला.

"येड्या, काम झालं की. तुला जखम पायजे हुती ना? ही काय खोटी हाय का? डॉक्टरचा बाप बी न्हाय म्हणणार न्हाय. रणधीरनं फावडं हिसकून घिऊन हात मोडला." मग तो सुनेकडं वळला. तिचा एक डोळा बंद झाला होता. "आन सुनबाई सोडवाया गेली. तिचं तोंड बघा. बाईमाणसाला बी सोडलं न्हाय म्हणाया लागतंय."

इंद्रजित हसला. "मामला भारी झाला की, आप्पा."

उत्तरेश्वरचा हात फळीला टॉवेलनं बांधला. सत्यभामेला कुणी पाणी दिलं नाही, तोंड धुऊ दिलं नाही. रक्त तसंच राहू दे म्हणाले. रामहरी सृष्टीजवळ बसला, तिला गूळ दिला आणि पढवलं. कोण आधी आलं. कुणाच्या हातात काय होतं. तीनदा म्हणून घेतलं. पोरीनं तिन्ही वेळा बरोबर म्हटलं.

दिवस मावळायच्या आधी ठाण्यातनं हवालदार आला, बरोबर एक बाई शिपाई. रणधीरला सोलापूरला हलवलं, डोळा उघडत नाही, असं त्यांनीच सांगितलं. रामहरीनं खुर्ची टाकली. उत्तरेश्वरनं हात दाखवला. सत्यभामेला कंदिलासारखी पुढं धरली. हवालदार लिहीत गेला, तोंडावर काही दिसू दिलं नाही.

बाई शिपाई उखळाकडं बघत होती. "हे रक्त कुणाचं?"

"मिरची कांडली हुती," इंद्रजित म्हणाला.

"मिरचीत दात बी टाकताव का?" ती म्हणाली.

हवालदारानं पेन थांबवलं. "पोरगी कुठं हाय? ती रानात हुती म्हणं."

सृष्टी पुढं आली. तिच्या मुठीत गूळ होता, खाल्ला नव्हता, वितळून बोटांतनं आला होता. तिनं आईकडं बघितलं. आईचा एकच डोळा उघडा होता. त्यात हो नव्हतं, नको नव्हतं. चार पातींच्या प्रल्हादालाही त्याची आई काही बोलली नव्हती.

"दगड पप्पांनी हलवला," सृष्टी म्हणाली. "पहाटं. म्या बांधावर बसले हुते, कुणी येतंय का बघाया. रणधीर काकांच्या हातात टेप हुता. पप्पांनी फावडं मारलं. इंदूकाकानं लाथा घातल्या. सात. मग घरी माझा हात कापणार हुते, म्या ठेवला हुता तिथं. पण आईनं मुसळ मारलं पप्पांना. मग इंदूकाकानं आईला कासऱ्यानं मारलं."

"पोरगी भेदरलीय," रामहरी म्हणाला. "काय बी बरळती."

"गूळ आप्पांनी दिला," सृष्टी म्हणाली. "खोटं बोलायचा." तिनं मूठ उघडून दाखवली.

हवालदार सत्यभामेला म्हणाला, "बाई, हे असंच लिव्हलं तर तुमच्यावर बी गुन्हा पडतोय. नवऱ्याचा हात मोडल्याचा. इचार करून सांगा."

ओठ फाटलेला होता. ती बोलली तेव्हा शब्दांबरोबर रक्त आलं.

"लिवा," ती म्हणाली. "म्या मोडला. उजवा हाय. नीट लिवा."

रणधीर जगला. डाव्या बाजूनं तोंड वाकडं राहिलं, बोलताना लाळ गळते. उत्तरेश्वर आणि इंद्रजित आत आहेत. सत्यभामेला एक रात्र बसवून ठेवलं, मग नोटीस देऊन सोडलं. सृष्टीला घेऊन घरी आली तर दाराला आतनं कडी होती आणि तिची दोन लुगडी, पोथी आणि सृष्टीचं दप्तर बाहेर पायरीवर. तिनं दार वाजवलं नाही. रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये खताची पोती बाजूला सारून तिनं तिथंच चूल मांडली. गावानं तिला ठेवणीतली नावं ठेवली. देवळात पोथी वाचायला दुसरं कुणीतरी बसवलं, ते अडखळत वाचतं म्हणे.

मूग तिनंच पेरला होता, तिनंच काढला. निम्म्या शेंगांना मोड आले होते. सोमवारी मोजणी होऊन दगड जुन्या खड्ड्यात गेला, रणधीरचे चार फूट रणधीरकडं परत गेले.

पाठ वाकत नव्हती. ती गुडघ्यावर बसून तोडत होती. शेजारी सृष्टी. गावातली दोन-तीन पोरं घरच्यांची नजर चुकवून आली आणि काही न बोलता एकेक ओळ धरून बसली. बांधापलीकडं अर्पिता आली. तिला इकडं यायची बंदी होती. ती तिच्या बाजूनं बांधाला धरून, सत्यभामेच्या बरोबरीनं सरकत राहिली. तिच्या बाजूला तोडायला काही नव्हतं. ती नुसती सरकत होती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काकू, चिलयाचं निम्मंच राह्यलं."

सत्यभामा शेंगा तोडत राहिली.

"मग उखळात कांडला का त्याला?"

"न्हाय."

"पोथीत हाय की," एक पोरगा म्हणाला. "मग जोगी म्हणतो हाक मार, आन चिलया पळत येतो."

"त्यो गेलाच न्हाय तर येतोय कुठनं," सत्यभामा म्हणाली. तोंडात दात नव्हता, शब्दाला वारा लागत होता. "आईनं त्याला शाळंतनं आणलाच न्हाय. म्हणली, बस तिथंच. पाढे म्हण."

पोरं विचार करत होती.

"मग जोगी उपाशी गेला?"

"गेला."

"शाप दिला?"

"दिला असंल."

"मग?"

सत्यभामेनं सृष्टीकडं बघितलं. सृष्टी ओठ हलवत नव्हती. हात चालू होते, डावा आणि उजवा, सारखे.

"मग काय," ती म्हणाली. "पात धर. मागं राहशील."